हंसाबाईंनी सांगितले, ऐकले कोणी?

जुन्या पिढीतील वाचकांना ‘सांगत्ये ऐका’ हा चित्रपट आठवत असेल. अनंत माने यांनी दिग्दर्शित केलेला हा तमाशापट १९५९ साली आला आणि पुण्याच्या विजयानंद चित्रगृहात सव्वाशेहून अधिक आठवडे चालला. पौडच्या बाजारात आजही ऐंशी ओलांडलेले एखादे आजोबा भेटतात, ज्यांनी तो तीन-चार वेळा पाहिलेला असतो. बुगडीच्या गाण्याचा विषय निघाला की त्यांचा गुडघा दुखायचा थांबतो. त्या गाण्यामुळे लोकांच्या ध्यानात राहिल्या जयश्री गडकर. पण त्या वेळी चित्रपटाची खरी मोठी नटी होती हंसा वाडकर.

पुढे अकरा वर्षांनी, १९७० साली, याच नावाचे पुस्तक निघाले. ते हंसाबाईंचे आत्मचरित्र. ‘माणूस’ साप्ताहिकातून ते आधी क्रमशः आले होते. हंसाबाई बोलल्या आणि अरुण साधूंनी ते शब्दांत बसवले. मराठीत एखाद्या नटीने स्वतःचे आयुष्य, स्वतःच्या पिण्यासकट, इतके उघड सांगावे हे तोवर कोणी वाचले नव्हते.

आरोग्याच्या सदरात नटीचे चरित्र कशाला, असे कोणी विचारील. कारण सांगतो. हे पुस्तक मी दोनदा वाचले. पहिल्यांदा मेडिकल कॉलेजात असताना, हॉस्टेलवर सगळे वाचत तसे, चवीने. दुसऱ्यांदा वीस-बावीस वर्षे मुळशीत दवाखाना चालवल्यावर. पुस्तक तेच होते. पण दुसऱ्या वेळी ते एखाद्या बाईने दवाखान्यात बसून सांगितलेल्या हकिगतीसारखे वाटले. अशा हकिगतीत डॉक्टर एक गोष्ट आधी पाहतो. ती म्हणजे घटनांचा क्रम. काय आधी झाले, काय नंतर.

दारू कितव्या प्रकरणात आली?

हंसाबाईंचे मूळ नाव रतन साळगावकर. जन्म १९२३ सालचा. घराण्याला कलावंतिणींचा वारसा. घरात पैशाची ओढ आणि वडिलांचे पिणे. ‘विजयाची लग्ने’ हा त्यांचा पहिला चित्रपट १९३६ साली आला. म्हणजे आज आपल्या मुली सातवी-आठवीत असतात त्या वयात ही मुलगी कॅमेऱ्यासमोर उभी होती, आणि घर तिच्या पगारावर चालायचे होते. हंसा वाडकर हे नाव सिनेमासाठी घेतलेले. पुढे बॉम्बे टॉकीजचा ‘नवजीवन’, प्रभातचा ‘संत सखू’, ‘रामशास्त्री’, मग १९४७ चा ‘लोकशाहीर रामजोशी’. नाव झाले, पैसा आला.

लग्न कोवळ्या वयातच झाले. नवरा वयाने बराच मोठा. करार तो पाही, पैसेही तोच पाही. आता सिनेमा पुरे, चारचौघींसारखा संसार करावा, ही इच्छा त्या आत्मचरित्रात पुन्हा पुन्हा येते आणि दर वेळी नवा करार समोर येतो. वर संशय आहेच. गर्भ राहिले आणि गेले, त्याचे दुःख आहे. एक मुलगी झाली, पण तिच्यासोबत राहण्याचे दिवस फार थोडे आले. मग एका भांडणात त्या घर सोडून निघाल्या आणि मराठवाड्यातील एका खेड्यात एका माणसाची तिसरी बायको म्हणून जवळजवळ तीन वर्षे वाड्याच्या आत राहिल्या. ज्यांचा चेहरा मुंबई-पुण्याच्या भिंतींवर लागत होता त्या बाईंना तिथे उंबऱ्याबाहेर पाऊल टाकण्याची मुभा नव्हती.

आता यात दारू कुठे आली ते पाहा. वडिलांची दारू पहिल्या पानांपासून आहे. स्वतःची दारू मागाहून आली, एवढे सगळे होत असताना आणि झाल्यावर. आल्यावर मात्र तिने सगळे ताब्यात घेतले. काम, माणसे, प्रकृती.

लोकांनी पुस्तक उलट्या क्रमाने वाचले. बाई पीत होती, म्हणून असे झाले, हा निकाल देऊन मोकळे झाले. आपल्या गावांतही हेच चालते. पुरुष प्यायला लागला की माणसे म्हणतात, ‘बिचाऱ्याला काहीतरी टेन्शन असेल.’ बाई प्यायला लागली की टेन्शन कोणी विचारत नाही. थेट चालचलणुकीवर गोष्ट जाते. माझ्या मते हंसाबाईंच्या पुस्तकात डॉक्टरांसाठी आणि घरच्यांसाठी सगळ्यात कामाचे काही असेल तर ते हे, की बाईच्या पिण्याबद्दल विचारायचेच असेल तर ‘किती’ हा प्रश्न मागाहून. पहिला प्रश्न ‘कधीपासून, आणि त्याच्या आधी काय झाले होते?’

इथे एक खुलासा. वारलेल्या माणसाचे पुस्तक वाचून त्याला आजाराचे नाव चिकटवणे हे डॉक्टरांचे काम नव्हे. हंसाबाईंना नैराश्य होते का, आणखी काही होते का, हे त्यांना तपासणाऱ्यालाच सांगता आले असते. मी बोलतो आहे ते त्यांनी स्वतः जे सांगितले त्यावर, आणि त्यात पिणे आहे.

व्यसन हा आजार आहे का?

आहे, आणि मनाचा आजार आहे. हे माझे मत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत दारूचे अवलंबित्व मानसिक विकारांच्या प्रकरणात येते. आपल्या देशाच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातही मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि मादक पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था धरल्या आहेत. म्हणजे दारूने आजारी झालेल्या बाईला उपचार मिळण्याचा तितकाच हक्क आहे, जितका स्किझोफ्रेनियाच्या किंवा नैराश्याच्या रुग्णाला.

व्यसन का लागते, याला एक उत्तर नाही. जवळजवळ निम्मा वाटा रक्तातून येणाऱ्या कलाचा असतो. म्हणून आई-वडिलांपैकी कोणी पिणारे असेल तर मुलांनी जपावे हे खरे. उरलेल्या वाट्यात लहानपणीची मारझोड, लैंगिक अत्याचार, सतत कमावण्याचे ओझे, नवऱ्याचे पिणे, अपत्याचा मृत्यू असे खूप काही येते. पुरुषांमध्ये पुष्कळदा आधी दारू आणि मग उदासी असा क्रम दिसतो. बायकांमध्ये आधी उदासी किंवा भीती, मग दारू, हा क्रम जास्त वेळा आढळतो. नुसती दारू बंद केली आणि खालची उदासी तशीच ठेवली, तर महिन्याभरात गाडी पुन्हा त्याच रुळावर येते.

बायकांच्या बाबतीत शरीरही साथ देत नाही. पुरुषाच्या शरीरात वजनाच्या मानाने पाणी जास्त, बाईच्या कमी. दारू पाण्यात विरघळून पसरते. तेवढाच ग्लास, पण बाईच्या रक्तात तिचे प्रमाण जास्त चढते. जठरात दारूचे विघटन करणारे द्रव्यही बायकांत साधारणपणे कमी काम करते. परिणामी पुरुषाला पंधरा-वीस वर्षांत जे यकृताचे नुकसान होते ते बाईला पुष्कळदा कितीतरी कमी वर्षांत होते. यकृत बिचारे सोशिक असते, बरेचसे निकामी होईपर्यंत बोलत नाही. कावीळ झाली, पोटात पाणी झाले, पाय सुजले, तेव्हा फार उशीर झालेला असतो. हिंदी पडद्यावरच्या मीनाकुमारी १९७२ साली यकृताच्या याच आजाराने चाळिशीच्या आत गेल्या. त्याही लिहीत असत, उर्दू कविता. गरोदरपणात तर थोडी दारूही चालते असे कुठलेही सुरक्षित प्रमाण नाही. ती वारेतून थेट बाळापर्यंत जाते.

आपल्याकडे कोण पिते?

‘डॉक्टर, हे मुंबईच्या नट्यांचे झाले. आपल्या मुळशीत बायका कुठे पितात?’ असे एका सरपंचांनी मला विचारले होते. आकडे त्यांच्याच बाजूचे वाटतील. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ वर्षांवरील शंभर पुरुषांपैकी सुमारे १९ जणांनी, आणि शंभर स्त्रियांपैकी जेमतेम एकीने, दारू पितो असे सांगितले. पण हे ‘सांगितले’ आहे. दारात वही घेऊन उभ्या असलेल्या माणसाला, मागे सासू बसलेली असताना, कोणती बाई हो म्हणेल?

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या तालुक्याचे काय झाले ते आपण सगळे पाहतो. हिंजवडी कुठल्या कुठे गेली. पिरंगुटला कारखाने उभे राहिले. जमिनीला भाव आले, फार्महाऊस झाली, ताम्हिणीच्या रस्त्याला हॉटेले झाली. ज्या घरात वर्षातून एकदा शिमग्याला बाटली दिसायची त्या घरात ती आता कपाटात असते. बाटली कपाटात असली की ती फक्त पुरुषालाच दिसते असे नाही.

दवाखान्यात येणारी बाई ‘मी पिते’ म्हणत कधीच येत नाही. ती येते ॲसिडिटी घेऊन, झोप नाही म्हणून, सकाळी हात कापतात म्हणून, छातीत धडधडते म्हणून. ओळख पटू नये इतपत तपशील बदलून एकीचे सांगतो. पंचेचाळिशीची बाई. रस्त्याकडेची जमीन विकली, पैसा आला, नवऱ्याने गाडी घेतली आणि मित्र गोळा केले. थोरला मुलगा मोटारसायकलच्या अपघातात गेला. त्यानंतर तिला रात्री झोप येईना. नवऱ्यानेच एकदा म्हटले, ‘घे घोटभर, झोप लागेल.’ झोप लागली. दोन वर्षांत घोटाचा पाव लीटर झाला. तिने दोन-तीन ठिकाणी पित्ताच्या गोळ्या घेतल्या, एकदा दुर्बीण घालून झाली, एकदा छातीची पट्टी निघाली. माझ्याकडे आली तेव्हा सोबत जाऊबाई होत्या. मी जाऊबाईंना बाहेर बाकावर बसवले.

मी आधी मशेरीचे विचारतो. आमच्या भागात मशेरी लावणाऱ्या बायका पुष्कळ; ते सांगायला त्यांना लाज वाटत नाही.

‘मशेरी लावता का, ताई?’

‘लावते की. दोन-तीनदा.’

‘झोपेची गोळी वगैरे?’

‘मेडिकलातून आणायचे आधी.’

‘आणि कुणी झोपेसाठी घोटभर घेतात, तसे काही?’

ती बराच वेळ खाली पाहत बसली. मग म्हणाली, ‘घेते. पण ह्यांना सांगू नका, मीच बंद करणार आहे.’ गंमत अशी की ‘ह्यांना’ सगळे ठाऊक होते. फक्त घरात कोणी तो शब्द उच्चारत नव्हते. मुलाचे नाव मात्र तिने तिसऱ्या भेटीत काढले, आणि त्या दिवसापासून खरे उपचार सुरू झाले असे मी समजतो.

हे विचारताना आवाजात न्यायाधीश नको. डॉक्टरांसाठी १९८४ सालापासून चार साधे प्रश्न प्रचलित आहेत, ते घरचेही मनात ठेवू शकतात. पिणे कमी करावे असे कधी वाटले का? पिण्यावरून कोणी बोलले की राग येतो का? पिण्याबद्दल मनात अपराधी वाटते का? आणि सकाळी उठल्या उठल्या हात स्थिर व्हावेत म्हणून घ्यावी लागते का? यातल्या दोनांचे उत्तर हो आले तर डॉक्टरांना दाखवावे. शेवटच्या एकट्याचे हो आले तरी थांबू नये.

एकदम बंद, आणि चहातली पूड

आता दोन धोक्यांबद्दल सविस्तर सांगतो. तालुक्यात यांनी माणसे दगावण्याची वेळ येते.

पहिला धोका, रोज भरपूर पिणाऱ्याने स्वतःच्या मनाने एका दिवसात सगळे बंद करणे. ऐकायला हे चांगले वाटते. देवापुढे शपथ घातली जाते, माळ घातली जाते, खोलीला कडी घातली जाते. पण ज्या मेंदूला वर्षानुवर्षे दारूची सवय झाली तो ती एकाएकी तोडल्यावर बिथरतो. पहिल्या दिवसात हात कापतात, घाम येतो, उलट्या होतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो. भिंतीवर किडे, अंथरुणात साप दिसतात, माणसे ओळखू येत नाहीत, ताप चढतो, रुग्ण उठून पळू लागतो. यावर उपचार न झाल्यास जीव जाऊ शकतो. पाय मोडून इस्पितळात पडलेला माणूस तिसऱ्या रात्री असे करू लागला, की नातेवाईक म्हणतात बाहेरचे काही लागले, आणि देवऋषी शोधतात. बाईच्या बाबतीत तर हमखास. ती पीत होती हे कोणाला ठाऊकच नसते. म्हणून इस्पितळात दाखल करताना डॉक्टरांच्या कानात ही गोष्ट सांगाच. आठवडा-दहा दिवस देखरेखीखाली औषधे देऊन, ती कमी करत आणून दारू तोडता येते आणि हा भाग अवघड नाही. त्या काळात बी-१ जीवनसत्त्व फार महत्त्वाचे. ‘अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा’ हा हट्ट इथे धरू नये. फार पिणाऱ्याला बी-१ न देता नुसती ग्लुकोजची बाटली चढवली तर मेंदूला इजा होऊ शकते.

दुसरा धोका गुपचूप द्यायच्या पुडीचा. ‘पेशंटच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती एसटी स्टँडच्या भिंतीपासून मोबाईलपर्यंत सगळीकडे दिसतात. यातल्या काही पुड्यांत नुसती झाडपाल्याची भुकटी असते, पैसे जातात आणि बाकी काही होत नाही. पण काहींत डायसल्फिराम मिसळलेले सापडते. हे खरे औषध आहे, १९४० च्या दशकात डेन्मार्कमध्ये त्याचा हा गुण ध्यानात आला. ते पोटात असताना दारू घेतली की तोंड लालबुंद होते, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब खाली येतो. ज्याला हे ठाऊक आहे तो दारूपासून लांब राहतो, औषधाचा उपयोग तो इतकाच. ज्याला ठाऊक नाही तो नेहमीसारखा पितो आणि कोसळतो. हृदयाचा किंवा यकृताचा आजार असलेल्याचा यात जीव जाऊ शकतो. सुनेच्या चहात किंवा नवऱ्याच्या आमटीत अशी पूड कालवणे म्हणजे उपचार नव्हे, विषाचा खेळ आहे. आज ओढ कमी करणारी दुसरीही औषधे आहेत. ती मानसोपचारतज्ज्ञ रुग्णाला सांगून, यकृत तपासून देतात.

सांगणे आणि बरे होणे

पुन्हा हंसाबाईंकडे येतो. आत्मचरित्राची मराठीत चर्चा झाली. १९७७ साली श्याम बेनेगल यांनी त्यावरून ‘भूमिका’ हा हिंदी चित्रपट काढला, स्मिता पाटील यांना त्यासाठी अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०१३ साली पुस्तकाचे इंग्रजी भाषांतरही आले. पण हंसाबाई ‘भूमिका’ पाहायला नव्हत्या. पुस्तक आल्यावर वर्ष-दोन वर्षांतच त्या गेल्या. पन्नाशीही गाठली नाही.

मन मोकळे केल्याने बरे वाटते, हे खरे. दडवून ठेवायला फार शक्ती लागते आणि सांगून टाकले की ती शक्ती मोकळी होते. व्यसनमुक्तीच्या उपचारात बोलण्याला, लिहिण्याला म्हणूनच मोठी जागा आहे. पण नुसते सांगणे हा उपचाराचा एक भाग झाला, अख्खा उपचार नव्हे. ऐकणारा त्यावर काही करणार असेल तर सांगण्याचे औषध होते. हजारो वाचकांना सांगून झाल्यावर बाई घरी परत एकटीच असेल, तर फार फरक पडत नाही. हंसाबाईंना ऐकणारे वाचक मिळाले, प्रेक्षक मिळाले. त्या काळात महाराष्ट्रात व्यसनी बाईने जावे अशी जागा मात्र जवळजवळ नव्हतीच. नातेवाईक लपवत, डॉक्टर ‘सोडून द्या’ म्हणत, मनोरुग्णालयाची लोकांना भीती.

आज तशी स्थिती नाही. पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट आणि लेखक डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली, पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या देणगीच्या आधाराने, मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. अनिताबाई १९९७ साली गेल्या, अनिल अवचट २०२२ साली. केंद्र चालू आहे. तिथे बायकांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग आहे, म्हणजे पुरुष रुग्णांत राहावे लागेल ही भीती नको. पिणाऱ्यांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ गट आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेली संघटना पुण्यात मराठीतही सभा घेते. फी नाही, आडनाव सांगावे लागत नाही. तिथे जे चालते ते हंसाबाईंनी पुस्तकात केले तेच, आपली हकिगत सांगणे. फरक इतका, की समोर बसलेले सगळे त्याच वाटेने गेलेले असतात आणि पुढच्या आठवड्यात तुम्ही आला नाहीत तर चौकशी करतात.

तरीही उपचारापर्यंत पोहोचणारे थोडेच. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आढळले, की दारूच्या विकाराने आजारी असलेल्या शंभरांपैकी ८५ हून अधिक जणांना कुठलाच उपचार मिळत नव्हता. बायकांचा वेगळा आकडा काढला तर तो याहून बरा निघेल असे मला वाटत नाही. एकदा मी मघाशी सांगितलेल्या बाईंना पुण्याला जायचा सल्ला दिला, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न औषधाचा नव्हता. ‘पंधरा-वीस दिवस घरात नसले तर गावात काय सांगायचं?’ हा होता. आम्ही ‘पोटाचं ऑपरेशन’ असे ठरवले. खोटे बोलायला लावले म्हणून कोणी मला दोष दिला तर द्यावा. पुरुष व्यसनमुक्तीला जाऊन आला की गणेशोत्सवात त्याचा सत्कार होतो. बाईला अजून ऑपरेशनचे कारण लागते.

एकदा उपचार घेऊन पुन्हा घसरले तर सगळे संपले असे समजू नये. मधुमेहाच्या रुग्णाची साखर दिवाळीत वाढते, म्हणून आपण त्याची औषधे बंद करत नाही. हा आजारही तसाच, वर्षानुवर्षे सांभाळण्याचा. घसरल्यावर किती लवकर परत आलात हे महत्त्वाचे.

ज्यांना कुठे जायचे ते ठरत नसेल त्यांनी सरकारच्या ‘टेलिमानस’ या सेवेला १४४१६ वर फोन करावा. ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, मोफत आहे, रात्रीही चालते आणि मराठीत बोलता येते. स्वतःसाठीही करता येतो, घरच्या माणसासाठीही. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील तर मात्र वाट पाहू नका. बाईला एकटी सोडू नका, घरातली कीटकनाशके कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी जवळचे रुग्णालय गाठा.

डॉक्टरांकडे पहिल्या भेटीला जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, झोपेच्या धरून, पिशवीत घालून न्या. शेवटचा घोट कधी घेतला होता ती वेळ आठवून ठेवा; औषध किती आणि कधी सुरू करायचे ते पुष्कळसे त्यावर ठरते. सोबत एकच माणूस न्या, बाईने स्वतः निवडलेले. नवराच असला पाहिजे असे नाही. बहीण, लेक, शेजारीण, कोणीही चालते, आणि तपासताना त्याने बाहेर बसायची तयारी ठेवावी.